काढलेले फादर

चष्म्याची दांडी घट्ट करून दिली की ती नीट बसली का हे पाहायला माणूस काहीतरी वाचून बघतो. कोणी भिंतीवरचा तक्ता वाचतं, कोणी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं. निवृत्त पोस्टमास्तरांनी काखेतलं वर्तमानपत्र उलगडलं आणि शब्दकोडं वाचायला घेतलं, तेही मोठ्यानं, कारण चाळीस वर्षं काउंटरच्या काचेपलीकडच्या माणसांशी बोलून हळू बोलणं त्यांना जमेनासंच झालं होतं. "आडवे शब्द. सात. धर्मगुरूला पदावरून दूर करणे. पाच अक्षरी, तिसरं अक्षर ल," असं म्हणून त्यांनी मान वर केली. समोर बारका स्क्रूड्रायव्हर धरून कोण बसलंय हे घट्ट झालेल्या चष्म्यातून त्यांना स्वच्छ दिसलं, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "नाही म्हणजे, उभे शब्द बघू. एक. नदीकाठचं झाड." तो म्हणाला, "दिसतंय ना नीट?" "दिसतंय, दिसतंय की, फादर," पोस्टमास्तर म्हणाले, आणि फादर म्हटल्यामुळे आपण आणखीच खड्ड्यात गेलो असं वाटून त्यांनी वर्तमानपत्र तिथेच टाकलं नि दुकानाचं दार ढकलायचं सोडून ओढत बसले. त्यानं उठून दार उघडून दिलं.

शब्द त्याला पहिल्याच क्षणी सुचला होता. हकालपट्टी. त्यानं वर्तमानपत्र ओढून घेतलं आणि पेन्सिलीनं ती पाच घरं भरून टाकली. शब्द अगदी फिट्ट बसला, आणि त्यालाच त्याची चीड आली. निदान शब्दकोडं करणाऱ्याला तरी तो शब्द लिहायची लाज वाटली नव्हती. बाकी सगळ्या गावाला वाटत होती. या एका वर्षात आपल्यासाठी लोकांनी किती शब्द झिजवले याचा हिशोब ठेवायचं त्यानं मागेच सोडलं होतं. दुकानाचे मालक, जे त्याच्याच चर्चमध्ये दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसायचे, ते गिऱ्हाइकांना सांगत, "आमचे फादर, आता रिटायर झालेत." एकोणपन्नासाव्या वर्षी रिटायर! ताई सासरच्यांना सांगायची, "त्यानंच सोडलं, तब्येत साथ देईना." चर्चच्या मासिक पत्रिकेत शेवटच्या पानावर, प्रसाधनगृहाच्या दुरुस्तीसाठी सहकार्य करावे या विनंतीच्या खाली, फादर सेवेतून 'कार्यमुक्त' झाल्याचं छापून आलं होतं. जणू दीडशे वर्षांच्या कैदेतून सुटका. बिशपांच्या सचिवानं आदेश वाचून दाखवला तेव्हा त्यात शब्द होता 'पदच्युत'. हा सचिव सेमिनरीत, फादर घडवणाऱ्या शाळेत, त्याच्याबरोबरच शिकलेला, एकाच बाकावर बसून दोघांनी लॅटिनच्या नावानं बोटं मोडलेली. वाचताना त्या शब्दापाशी तो अडखळला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "मी जरा मऊ शब्द शोधत होतो रे, पण कायद्यात हाच आहे." तेव्हाही त्याला ओरडून सांगावंसं वाटलं होतं की बाबा रे, मऊ नको. मला उशी नकोय. जे केलंत ते म्हणा ना एकदाचं. पण तो "ठीक आहे" म्हणाला आणि सही करून बाहेर पडला, आणि बाहेर व्हरांड्यातल्या माळ्यानं नेहमीसारखी टोपी काढून म्हटलं, "आलात का, फादर?" आलात का काय, जातोय मी, जातोय!

मालकांनी त्याला नोकरी दिली ती उपकार म्हणून, पण काम त्याला आवडू लागलं होतं हे तो कोणाला सांगत नसे. मागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीवर बसवायचं, जाड गोल फ्रेममध्ये एकेक काच सरकवत विचारायचं, ही बरी की ती बरी. त्या अंधारात माणसं काय काय बोलत. नंबर वाढल्याची लाज, रात्री गाडी चालवताना समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात याची भीती, आणि त्यावरून मग घरातलं, मुलाचं, सुनेचं. तो काच बदलत राही. कधी कधी एखादी बाई बोलता बोलता एकदम थांबे आणि म्हणे, "हे तुम्हाला काय सांगायचं, नाही का, फादर?" पुन्हा तेच. सगळं गाव जाणत होतं आणि सगळं गाव फादर म्हणत होतं, आणि त्या म्हणण्यात एक अशी काळजी होती, जशी लोक आजाऱ्याच्या खोलीत चपला काढून येताना घेतात, की त्याचं डोकं फिरायचं. एकच माणूस सरळ बोलला होता, आणि तो नेमका शाळेच्या बसचा जुना ड्रायव्हर. गोदामाच्या फाटकावर आता तो पहारा करायचा. एकदा समोरासमोर आल्यावर त्यानं विडी विझवली आणि विचारलं, "काढलं ना तुम्हाला पण?" "हो, काढलं," तो म्हणाला. "मलाही काढलं होतं तेव्हा," ड्रायव्हर म्हणाला. त्या बोलण्यात खुन्नस नव्हती. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं होतं.

ड्रायव्हरची गोष्ट चार वर्षांपूर्वीची. कबुलीच्या लाकडी खोक्यात, जाळीपलीकडून, त्याच्या तोंडाचा वास आधी आला आणि शब्द मागून आले. शाळेची बस तो सकाळी सकाळी दारू पिऊन चालवत होता. पंचेचाळीस मुलं. एकदा चाक पुलाच्या कठड्याला घासलं होतं. यानं त्याला बजावलं, क्षमा राखून ठेवली, शपथ घ्यायला लावली. दोन आठवड्यांनी तोच वास परत आला, तेच शब्द, तेच रडणं. कबुलीत ऐकलेलं कोणालाही, कधीही, कशाहीसाठी सांगायचं नाही. शब्दानं नाही, खुणेनं नाही, जीव गेला तरी नाही. हे सेमिनरीत त्यांच्या हाडीमाशी भिनवलेलं होतं. त्या रात्रभर त्याच्या डोळ्यासमोर तो कठडा होता. सकाळी तो शाळेत गेला आणि मुख्याध्यापिकेला एवढंच म्हणाला, "बसमध्ये मुलं चढायच्या आधी ड्रायव्हरशी जरा जवळ उभं राहून बोलत जा." बाईंना तेवढं पुरलं. ड्रायव्हरला त्याच दिवशी काढलं. कोणाला काही कळलं नाही, मुलं शाळेत जात-येत राहिली, आणि वर्षभरानं एका संध्याकाळी, आईसमोर जेवायला बसलेला असताना, का कोण जाणे, त्यानं ते सगळं आईला सांगून टाकलं. मग त्याला हलकं वाटलं होतं.

महिन्याभरात बिशपांकडे निनावी पत्र गेलं. त्याला ते कधी दाखवलं नाही. चौकशीत फक्त त्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं गेलं: 'त्यांनाच विचारा, ते खोटं बोलणार नाहीत.' तो खोटं बोलला नाही. पण ते वाक्य त्याच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं. किती पाताळयंत्री माणूस असला पाहिजे, त्याला वाटे, चांगुलपणाचाच फास करून गळ्यात घालणारा. कधी त्याला मुख्याध्यापिकेचा संशय येई, कधी ड्रायव्हरच्या एखाद्या नातेवाइकाचा. पुढे पुढे त्यानं तो नाद सोडला. ताईनं मात्र सोडला नव्हता. ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, लहानपणी याला लांब्या म्हणून मारणाऱ्या पोरांच्या अंगावर धावून जाणारी, आणि अजूनही ती तशीच धावून जायला कोणीतरी शोधत होती.

बुधवारी दुकान दुपारी बंद होतं. तो घरी आला तेव्हा आई पुन्हा मरायला टेकलेली होती. या महिन्यातली ही तिसरी खेप. खिडकीलगतच्या पलंगावर ती हात छातीवर जुळवून, केस विंचरून, पांढरी साडी नेसून पडली होती. उशाशी मेणबत्ती आणि काडेपेटी तयार. "आलात, फादर?" ती क्षीण आवाजात म्हणाली. पोटच्या पोराला ती दीक्षेच्या दिवसापासून फादर म्हणत आली होती, अहो-जाहो करत आली होती. 'फादर, जेवायला चला', 'फादर, मोजे उलटे घातलेत'. आदेश निघाल्यावर तरी बंद करील असं त्याला वाटलं होतं. "आई, मी आता फादर नाही," त्यानं तिला निदान शंभरदा सांगितलं असेल. "मग काय म्हणू? लोक माजी आमदाराला आमदारच म्हणतात," असं तिचं उत्तर ठरलेलं. त्यात आता हा दुखण्याचा नवा खेळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हृदय थकलंय, कधीही काहीही होऊ शकतं. त्या 'कधीही'चा तिनं झेंडा केला होता. कारण तिला नियम पक्का ठाऊक होता. काढून टाकलेल्या फादरला मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, करता येत नाही, लग्न लावता येत नाही, कोणाची कबुली ऐकता येत नाही. एकच सवलत. समोरचा माणूस मरणाच्या दारात असेल तर मात्र काढलेला फादरही कबुली ऐकू शकतो, क्षमा देऊ शकतो. मरणाऱ्यानं देणारा कोण हे बघत बसायचं नसतं.

"आई, नवे फादर दहा मिनिटांवर राहतात. मी जाऊन घेऊन येतो."

"तो पोरगा? त्याला अजून नीट दाढी येत नाही. त्याला माझी पापं कळायची नाहीत."

"पापं कळायला दाढी लागत नाही."

"मला तुम्हालाच सांगायचंय."

"तू मरत नाहीयेस, आई! आणि मरत नसलीस तर मी ऐकलेलं धरलं जात नाही. वर मलाच तो आणखी एक गुन्हा."

"हे तुम्हाला कसं ठाऊक, मी मरत नाही ते? डॉक्टर आहात?" आणि तिनं डोळे मिटून घेतले. मागच्या दोन्ही वेळेला तो चिडून स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकून आला होता, आणि चहाच्या वासानं तिला बरं वाटलं होतं. आज त्यानं चहा आणला तरी तिनं डोळे उघडले नाहीत. ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या, की खिडकीच्या निळ्या पडद्यातून तसा उजेड येत होता? श्वास मध्येच थांबत होता आणि एखाद्या जड सामानासारखा पुन्हा उचलला जात होता. त्यानं मनगट धरलं. नाडी त्याला आधी सापडलीच नाही, मग सापडली, मग हरवली. फोनवर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येते, पण अर्धा तास लागेल. अर्धा तास! आईनं न उघडलेल्या डोळ्यांनीच विचारलं, "आता?" आणि त्याचा सगळा नियम, सगळा वैताग गळून पडला. आई जात होती आणि तिला आपल्याकडून एवढंच हवं होतं. त्यानं पलंगाजवळ खुर्ची ओढली, तिच्या तोंडाकडे कान करून, नजर भिंतीकडे वळवून बसला, जसा बावीस वर्षं बसत आला होता.

"शेवटच्या कबुलीला चार महिने झाले," ती ठरलेल्या सुरात म्हणाली. "शेजारणीच्या सुनेबद्दल वाईट बोलले, दोनदा. नाही, तीनदा. डॉक्टरीणबाईंनी मीठ बंद केलंय, मी खाल्लं. प्रार्थनेत डुलकी लागते." मग त्याच ठरलेल्या सुरात, "आणि ते पत्र मी लिहिलं हे तुम्हाला तीन वर्षं सांगितलं नाही."

कुठलं पत्र, असं मूर्खासारखं त्याच्या तोंडावर आलं होतं. भिंतीवरचा रंग एका ठिकाणी पोपडे धरून सुटला होता आणि तो त्याच्याकडेच बघत राहिला. त्यांनाच विचारा, ते खोटं बोलणार नाहीत. दुसरं कोण लिहिणार होतं हे वाक्य? या जगात त्याच्याबद्दल अशी खात्री असणारं दुसरं होतं कोण? आणि त्यानं जेवता जेवता सांगितलं होतं फक्त एकाच माणसाला. तीन वर्षं त्यानं मुख्याध्यापिकेचा विचार केला, ड्रायव्हरच्या मेव्हण्यापर्यंत विचार केला, आणि समोर बसून आपल्याला वाढणाऱ्या बाईचा केला नाही. आपल्या मठ्ठपणाचा त्याला इतका संताप आला की तिच्यावर रागवायला जागाच उरेना.

"पत्र लिहिलं त्याची कबुली नाही देत मी," ती पुढे म्हणाली. "ते बरोबरच केलं. लिहून मग तुमच्यासमोर तोंड मिटून बसले, ताई भलत्यांवर संशय घेत सुटली तरी बसले, त्याची देते. मी बावीस वर्षांची असताना एका म्हाताऱ्या फादरना एक गोष्ट सांगितली होती. तुमच्या वडिलांनाही कधी सांगितली नाही. ते फादर गेले, गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. त्या भरवशावर मी संसार केला, तुम्हा दोघांना वाढवलं. आणि तुम्ही त्या ड्रायव्हरचं मला सांगितलंत आणि वर पाणी मागितलंत."

"पंचेचाळीस मुलं होती बसमध्ये," तो भिंतीला म्हणाला.

"माहीत आहे. मुलं वाचली, फार बरं झालं. मी असते तर मीही सांगितलं असतं. पण मी फादर नव्हते."

"मग आज मला का सांगतेस?"

"कारण तुम्ही कोणाला सांगणार नाही."

"कशावरून?"

"एकदा सांगून बघितलंत ना," आई म्हणाली.

त्याला हसू आलं की रडू हे त्याचं त्यालाच कळलं नाही. त्यानं क्षमेचे शब्द म्हटले, हात उचलून, एका वर्षाच्या खंडानंतर. एकही शब्द अडला नाही. प्रायश्चित्त म्हणून काय द्यावं ते त्याला सुचेना. "मीठ खाऊ नकोस," तो म्हणाला. तिनं मान हलवली आणि तिचा श्वास बराच मोकळा झाला. लगेच झाला, जरा जास्तच लगेच, असं त्याच्या मनात येतंय तोवर जिन्यात चपला वाजल्या आणि ताई आत आली.

ताईच्या हातात पर्स आणि चेहऱ्यावर युद्ध. आईकडे एक नजर टाकून ती म्हणाली, "झोपलीय वाटतं. बरं झालं. लांब्या, सापडली. ऑर्गनवाली." चर्चमध्ये सव्वीस वर्षं ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, कायम सर्दी झालेल्या, कोणाच्या अध्यात ना मध्यात. "तिची चुलत नणंद ड्रायव्हरच्या बायकोच्या शेजारी राहते, मला आज कळलं. आणि बिशपांच्या ऑफिसात टायपिंग करते तिची भाची. अजून काय पुरावा पाहिजे? आत्ता गायकवृंदाची तालीम आहे, सगळे असतील. सगळ्यांसमोर विचारते, कशी तोंड वर करते बघू पुन्हा."

तो खुर्चीवरून उठला. ताई बोलायला लागली की काय होतं हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. ती बाई उद्या ऑर्गनवर बसणार नाही, परवा घरातून बाहेर पडणार नाही, आणि गाव तिच्यासाठीही मऊ मऊ शब्द शोधायला लागेल. 'ती नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. ते दोन शब्द त्याला म्हणता येत नव्हते. मानेनं नाही, भुवईनं नाही. पाच मिनिटांपूर्वी कळलेल्या गोष्टीच्या जोरावर त्याला ताईचा रस्ताही अडवता येत नव्हता. पत्राबद्दल तो आजवर जे म्हणत आला होता तेवढंच, तितक्याच आवाजात, म्हणायची त्याला मुभा होती. "जाऊ दे ना, ताई. कोणी का लिहिलं असेना," तो म्हणाला. नेहमीइतकंच ते फुसकं निघालं.

"जाऊ दे? तुझं आयुष्य मातीत गेलं! खरं सांग, तुलाही तिचाच संशय आहे ना?"

"मला माहीत नाही."

"तुला माहीत आहे! तोंडावर दिसतंय तुझ्या!"

"मला काही माहीत नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्याला ताईचा, ऑर्गनवाल्या बाईंच्या सर्दीचा, सगळ्या जगाचा असा काही वैताग आला की मुठी आवळल्या गेल्या. त्यानं आईकडे पाहिलं नाही. पाहणं हीसुद्धा खूणच झाली असती. आई डोळे मिटून, हात जुळवून, अगदी शांत पडली होती. ताईनं पर्स खांद्याला अडकवली आणि दार आपटून गेली. जिन्यात चपला उतरत गेल्या. दुसरा मजला, पहिला मजला. तेव्हा मात्र तो पलंगाला वळसा घालून गेला, निळा पडदा ओढून बाजूला केला आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली. आजाऱ्याला हवा लागते, एवढं तर कोणालाही करता येतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि ते खरं नाही हेही त्याला कळत होतं. खालून रिक्षाचा आवाज आला, कोणीतरी बादली आपटली.

"वारा लागतोय," आई डोळे न उघडता म्हणाली.

"लागू दे," तो म्हणाला.

ताई अंगणातून फाटकाकडे निघाली होती, ताठ मानेनं, भराभर. त्यानं दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली होती आणि ओठ दातांखाली धरले होते. फाटकाची कडी वाजली. मागे पलंग करकरला. आई कोपरावर रेलून, मग हातावर भार देऊन, कोणाच्या मदतीशिवाय उठून बसली आणि त्याच्या काखेखालून डोकं बाहेर काढून तिनं हाक मारली, "ए चिमे! परत ये! पत्र मी लिहिलंय, मी! त्या बाईला एक अक्षर बोलू नकोस!"

समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. फाटकापाशी ताई दगडासारखी उभी राहिली. आवाज खणखणीत होता, तीन मजले ओलांडून रस्त्यापर्यंत गेला होता, आणि काहीही म्हटलं तरी तो मरायला टेकलेल्या बाईचा आवाज नव्हता. म्हणजे कबुली नियमात बसलीच नव्हती. म्हणजे तिनं त्याला पुन्हा एकदा बनवलं होतं, आणि बिशपांना कळलं तर या वेळी शब्द कुठला शोधतील देव जाणे. "आई," तो दात आवळून म्हणाला, "तू मला कबुली ऐकायला लावलीस आणि तू धडधाकट आहेस." "थोडं बरं वाटतंय," आई धापा टाकत म्हणाली. त्यानं नाडी बघायला तिचा हात धरला. नाडी ठणठणीत चालली होती. ताई जिना चढत वर येत होती, येऊन ती दोघांनाही फाडून खाणार होती, आणि त्याला आईचा इतका राग आला होता की तिचा हात त्याच्यानं सोडवेना.